दोनशे तास कुणाच्या बापाचे?

"रिझर्व्हेशनवाल्या पायलटच्या विमानात बसाल काय?"

हा प्रश्न तुम्ही ऐकलाय. लोकलच्या डब्यात ऐकलाय, हापिसात ऐकलाय, कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलाय. राखीव जागांचा विषय निघाला की पांढरपेशा माणूस खिशातून रुमाल काढावा तसा हा प्रश्न बाहेर काढतो. डॉक्टर सोडतो, इंजिनियर सोडतो, थेट आभाळात जातो. का? तर विमान पडलं की माणसं मरतात, आणि मेलेल्या माणसांचं नाव घेतलं की जिवंत माणसाचं तोंड बंद करता येतं.

भावांनो, बायांनो, या प्रश्नापुढं आपली शिकलेली पोरंसुद्धा मान खाली घालतात. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार आहे. बंदरावर कंत्राटदाराच्या हजेरीवर माल उचलतो, रात्री कविता लिहितो. माझी मान ओझ्याखाली वाकते, प्रश्नाखाली वाकत नाही. म्हणून उत्तर मी देतो.

या देशात विमान चालवायचा परवाना डीजीसीए देते. म्हणजे दिल्लीचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्याच्या परीक्षेत हवामान आहे, दिशा काढणं आहे, हवाई नियम आहेत, इंजिनाचं ज्ञान आहे. पास व्हायला शंभरात ७० लागतात. बामणाच्या पोराला ७०, आपल्या पोराला ७०. ६९ पडले तर दोघंही घरी. व्यावसायिक परवान्याला उड्डाणाचे २०० तास लागतात, दोघांनाही २००. डोळे, कान, काळीज, रक्त तपासणारी क्लास वन मेडिकल दोघांचीही तीच. या परवान्यावर जातीचा रकाना नाही आणि जातीची सूटही नाही. मग "रिझर्व्हेशनवाला पायलट" हा प्राणी आला कुठून? तो तुमच्या डोक्यात जन्मला, तिथंच वाढला.

खोटा परवाना कुणी काढला ते मात्र नोंदीत आहे. २०११ सालच्या जानेवारीत गोव्याच्या विमानतळावर एक विमान पुढच्या चाकावर आपटून उतरलं. चौकशी लागली. बाईंच्या वरच्या परवान्याच्या परीक्षेची गुणपत्रिकाच खोटी निघाली. मग धागा ओढला तर आणखी वैमानिक सापडले, दलाल सापडले, खुद्द डीजीसीएतला माणूस सापडला. ती गुणपत्रिका राखीव जागेतून आली नव्हती. ती बाजारातून आली होती. पण त्यानंतर कुणी विचारलं का हो, "पैसेवाल्या पायलटच्या विमानात बसाल काय?" नाही विचारलं. पैशाला लायकीचा दाखला लागत नाही, तो आमच्याकडंच मागतात.

इथं एक गोष्ट आधीच साफ करतो, नाहीतर उद्या म्हणाल हा नियमांच्या विरोधात बोलतो. नाही. विमानाचे नियम कडक पाहिजेत. अजून कडक करा. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आभाळात दोन विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाकस्तानचं विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, आणि त्याच्या वैमानिकांचं इंग्रजी कच्चं होतं हे एक कारण पुढं आलं. अशा अपघातांतून धडा घेऊन जगभर नियम झाला की वैमानिकाला रेडिओवर बोलण्यापुरतं इंग्रजी आलंच पाहिजे. २००८ पासून तो लागू झाला. मी मराठीत लिहितो, मराठीत शिव्या देतो, तरी सांगतो, हा नियम बरोबर आहे. तो रक्तानं लिहिलाय. आम्ही गोदीत काम करतो. क्रेनची साखळी तुटली की काय होतं ते आम्हाला पुस्तकातून वाचावं लागत नाही. सुरक्षेचा नियम हा सगळ्यात आधी कामगाराचा नियम असतो.

माझं भांडण वेगळं आहे. या धंद्यात नियमांच्या दोन जाती आहेत. एक नियम असा की ज्याचा खर्च शिकणाऱ्यानं भरायचा. दुसरा असा की ज्याचा खर्च मालकानं भरायचा. पहिला दगडासारखा असतो, कधी हलत नाही. दुसरा मेणासारखा असतो, मालकानं फुंकर घातली की वितळतो. हे मला दाखवून द्यायचं आहे. बाकीचं सगळं याच्याच पोटात येतं.

आधी पहिली जात घ्या.

विमानाचा तास विकत घ्यावा लागतो. छोटं शिकाऊ विमान, शेजारी शिकवणारा, पेट्रोल, देखभाल. धरा एका तासाला वीस हजार रुपये. माझी हजेरी साडेसहाशे. म्हणजे एका तासाला एकतीस हजेऱ्या. २०० तासांना सहा हजार दीडशेच्या वर हजेऱ्या. महिन्याला सव्वीस दिवस काम मिळालं, एक दिवस आजारी पडलो नाही, एक घास खाल्ला नाही, आईला एक रुपया धाडला नाही, तरी जवळजवळ वीस वर्षं. त्यात राहणं, जेवण, परीक्षा, मेडिकल धरलेलं नाही. सगळं धरून पन्नास लाखांच्या आसपास जातं. कुठं कमी, कुठं जास्त. आणि एवढं करून हातात परवाना आला तरी नोकरी नाहीच. कंपनीचं मोठं विमान चालवायला त्या जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे पुन्हा दहा-वीस लाख. कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना आहेत, त्यांचा आकडा कोटीच्या घरात जातो.

बँकेत जा म्हणतात. गेलो समजा. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते. आमच्या वावर-वांगणीकडं, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात माणसाकडं काय आहे? वनपट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळालेली जमीन. ती पोरांना वारशानं जाते, पण विकता येत नाही. आदिवासीची जमीन लुटली जाऊ नये म्हणून ही अट आहे, चांगली आहे. पण जी जमीन विकता येत नाही ती बँक तारण धरत नाही. झालं. आमच्या जमिनीला कायद्यानं वाचवलं, आणि आमच्या पोराला बँकेनं दारातून हाकललं.

म्हणजे २०० तासांचा हा नियम कागदावर हाताची आणि डोक्याची परीक्षा आहे. बाजारात तो बापाच्या खिशाची परीक्षा होतो. दोनशे तास कुणाच्या बापाचे? ज्याच्या बापाकडं पन्नास लाख आहेत त्याचे. मेरिट, मेरिट म्हणून जे तुम्ही ओरडता त्यातल्या किती गुणांवर बापाची सही आहे ते एकदा तपासा.

आता शिक्षणाची अट घ्या. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दहावी पास पुरत होती. मॅट्रिक! म्हणजे मी. नंतर अट आली, बारावी पाहिजे, तीही फिजिक्स आणि गणित घेऊन. ही अट कडक वाटते, शहाणपणाची वाटते. वाटू द्या. पण ती वावरच्या पोराला कशी दिसते?

वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला कधी कळलं? १९९२-९३ साली, जेव्हा इथली शंभरावर पोरं उपासमारीनं आणि आजारानं मेली. मुख्यमंत्री आले, मंत्री आले, पत्रकार आले. तेव्हा जिल्हा ठाणे होता. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. पाट्या बदलल्या. २०१६ ला पुन्हा मोखाड्याच्या बालमृत्यूंनी पेपर भरले. पाऊस सरला की अजूनही घरंच्या घरं वीटभट्टीवर आणि रेतीवर जातात. पोर आईबापाबरोबर जातं, नाहीतर आश्रमशाळेत राहतं. त्या आश्रमशाळेतून फिजिक्स-गणित घेऊन बारावी व्हायचं, तर आधी फिजिक्स शिकवणारा माणूस वर्गात उभा पाहिजे. आणि सरकारनं काय केलं? २०२५ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागानं आश्रमशाळांतली १,७९१ शिक्षकांची पदं बाहेरच्या कंपनीमार्फत भरायचं ठरवलं. कंत्राटी! जसा मी बंदरावर, तसा मास्तर शाळेत. त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं राबलेले रोजंदारीवरचे शिक्षक-कर्मचारी नाशिकला बिऱ्हाड घेऊन रस्त्यावर बसले.

बघा मजा. एक सरकार दिल्लीत बसून सांगतं, फिजिक्स आल्याशिवाय आभाळात जाऊ देणार नाही. दुसरं सरकार मुंबईत बसून सांगतं, फिजिक्सचा मास्तर कायम ठेवणार नाही. अट एका हातानं घालायची आणि ती पुरी करायचं साधन दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. एकलव्याचा अंगठा कापायला द्रोणाचार्याला निदान समोर यावं लागलं होतं. आता टेंडर काढलं की भागतं.

शहरातल्या पोराला ही अट कधी आडवी येत नाही. तो कॉमर्स शिकला असला तरी मुक्त विद्यालयातून फिजिक्स-गणिताचे दोन पेपर देतो आणि मोकळा होतो. त्यासाठी क्लास आहे, फी आहे, बाप आहे. २०२५ साली बातमी आली की डीजीसीए ही सायन्सची अट काढायच्या विचारात आहे. आपली काही पोरं खूश झाली, म्हणाली दार उघडलं. अरे बाबांनो, कुणाला उघडलं? पन्नास लाखवाल्या कॉमर्सच्या पोराला. तुमच्या दाराला दोन कुलपं होती, त्यातलं छोटं काढलं. मोठं तसंच लोंबतंय.

आता नियमाची दुसरी जात बघू. त्यासाठी आधी अमेरिकेला जावं लागेल, कारण कडक परवान्याचा सगळ्यात मोठा गाजावाजा तिथं झाला.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअर कंपनीचं ३४०७ नंबरचं विमान बफेलो शहराजवळ एका घरावर पडलं. विमानातली ४९ आणि घरातला एक, ५० माणसं गेली. चौकशीत काय निघालं? विमानानं वेग गमावल्याचा इशारा दिला तेव्हा कॅप्टननं उलटी हालचाल केली. पण आणखीही निघालं. सहवैमानिक बाई देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. कॅप्टन कंपनीच्या खोलीत जमेल तसा पडला होता. दोघंही थकलेले होते, आणि छोट्या कंपन्यांतला तुटपुंजा पगार सगळ्या देशासमोर उघडा पडला.

मग २०१० ला कायदा झाला आणि २०१३ पासून नियम आला. पूर्वी २५० तासांवर सहवैमानिक होता येत होतं, आता १,५०० तास पाहिजेत. लष्करातून आलेल्याला ७५०, विमानशास्त्राची पदवी असलेल्याला १,०००, बाकीच्या बहुतेकांना १,५००. आता ऐका. पडलेल्या विमानातल्या कॅप्टनचे तास होते तीन हजारांच्या वर. सहवैमानिक बाईचे दोन हजारांच्या वर. म्हणजे हा नियम त्या रात्री असता तरी ते दोघं त्याच खुर्च्यांवर बसले असते! मेलेल्यांच्या नातेवाइकांचं दुःख खरं होतं, त्यांनी कायद्यासाठी झगडा केला तो खरा होता. त्यांना मी सलाम करतो. पण तासांच्या या नियमाचं बिल कुणाच्या नावावर फाटलं? शिकणाऱ्याच्या. अडीचशे आणि दीड हजार यांच्यामधले बाराशे-साडेबाराशे तास त्यानं शिकवण्या घेऊन, जाहिरातीचे फलक ओढणारी विमानं चालवून, कमी पगारात भरून काढायचे. ज्याला घरून आधार आहे तो ही वर्षं काढतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो मध्येच गळतो.

आणि त्याच कायद्यातून विश्रांतीचा नियमही आला. वैमानिकाला किती तास झोप, किती तास काम. हा मालकाच्या खिशाला लागणारा नियम. तो २०१४ पासून प्रवासी विमानांना लागला आणि मालवाहू विमानांना त्यातून वगळलं! खर्च परवडत नाही म्हणून. मी माल उचलणारा माणूस आहे. मला विचारा, माल वाहणाऱ्याला झोप कमी लागते का? मालवाहू विमान पडलं तर ते काय फक्त खोक्यांवर पडतं?

हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडं काय वेगळं झालं?

२०२४ च्या जानेवारीत डीजीसीएनं वैमानिकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीच्या लँडिंग सहावरून दोन. थकलेला माणूस पहाटे विमान उतरवतो तेव्हा त्याच्या मागं दोनशे माणसं झोपलेली असतात, म्हणून हा नियम. १ जून २०२४ पासून लागू व्हायचा होता. कंपन्या ओरडल्या, पुढं ढकलला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या. शेवटी दोन हप्ते ठरले, १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. जवळजवळ दोन वर्षं मिळाली तयारीला. आणि २०२५ च्या डिसेंबरात काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची, इंडिगोची, उड्डाणं हजारोंनी रद्द झाली. नियमाला पुरतील एवढे वैमानिक वेळेवर लावले नव्हते. मुंबईत, पुण्यात, दिल्लीत लोक बॅगांवर झोपले. सरकारनं काय केलं? नियम वाकवला. रात्रीच्या नियमातून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

आता मला एक उदाहरण दाखवा. एक. एखाद्या पोराचे १९० तास झाले, बापाची जमीन गहाण पडली, पैसे संपले, आणि डीजीसीए म्हणाली, "बाळा, तुला दोन महिन्यांची सूट." दाखवा! मिळणार नाही. मिळूही नये, कारण १९० म्हणजे २०० नव्हे. मग रात्रीच्या सहा लँडिंग म्हणजे दोन कशा झाल्या? शिकणाऱ्याचे दहा तास मोजताना तुमचा काटा सोनाराचा असतो. मालकाचे तास मोजताना तो भंगारवाल्याचा होतो.

अजून एक घ्या. २०१७ साली नियम झाला, कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. कारण सांगितलं, वैमानिक अचानक गेले तर प्रवाशांचे हाल होतात. २०२३ ला अकासा कंपनीनं नोटीस न पाळता गेलेल्या आपल्याच वैमानिकांवर मुंबई हायकोर्टात दावे लावले. बरं. पण कंपनीच बुडाली तर? १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं. २०२३ च्या मेमध्ये गो फर्स्ट बंद पडली. त्या वैमानिकांना कुणी एक वर्षाची नोटीस दिली? मला बंदरावर कंत्राटदार संध्याकाळी सांगतो, "उद्यापासून येऊ नको." त्याला वर्षभर डांबून ठेवतात, मला रात्रीत हाकलतात. दोर एकच आहे. एकाच्या गळ्याला घट्ट आहे, एकाच्या गळ्यातून काढून घेतलाय. पायलटसाहेब, चार पट्ट्यांचा शर्ट घातला म्हणून तुम्ही मालक होत नाही. डिसेंबरात कळलं असेल.

आता आपल्या माणसांकडं येतो. आपल्यासाठी या शिडीला एक पायरी होती. एअर इंडिया सरकारची होती तेव्हा वैमानिकांच्या भरतीच्या जाहिरातीत अनुसूचित जातींच्या, जमातींच्या जागा छापून येत. परवाना तोच, ७० गुण तेच, २०० तास तेच. पण परवाना काढून आलेल्या आपल्या पोराला आडनाव विचारून कुणी परत धाडू शकत नव्हतं. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांच्या हाती गेली. पायरी काढली. गाजावाजा झाला घरवापसीचा. महाराजा घरी गेला. आपल्या जागा कुठं गेल्या? त्यांची घरवापसी कुठल्या घरात झाली?

शिष्यवृत्ती आहे ना, असं समाजकल्याणवाले सांगतात. आहे. केंद्राच्या मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना छापलेला आहे. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखाच्या आत पाहिजे. अनुसूचित जातींच्या 'टॉप क्लास' योजनेच्या नियमांत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा छापली होती. आता तुम्हीच वजाबाकी करा. पन्नास लाखाच्या विहिरीत पावणेचार लाखाचा दोर सोडायचा आणि वर उभं राहून म्हणायचं, पाणी काढ! अडीच लाखाच्या आत कमावणारा माणूस उरलेला पैसा आणणार कुठून? आणला तर तो शिष्यवृत्तीला अपात्र. ही योजना पोराला वैमानिक करायला केलेलीच नाही. विधानसभेत प्रश्न आला तर "योजना अस्तित्वात आहे" असं उत्तर देता यावं म्हणून केलेली आहे.

पण होतं का असं? गरीबाचं पोर नियम न वाकवता वैमानिक होऊ शकतं का? होतं. आणि तुमच्याच देशात, तुमच्याच पैशानं होतं. हवाई दल बघा. खडकवासल्याच्या एनडीएत पोरगा बारावीवर जातो, फिजिक्स-गणित घेऊन. परीक्षा कडक, मेडिकल त्याहून कडक. पण एकदा निवडला की हवाई दल त्याच्याकडं तासाचे वीस हजार मागत नाही. उलट त्याला पैसे देतं. आधी निवड, मग शिकवण, मग परीक्षा, मग विमान. लढाऊ विमान! तेव्हा कुणी म्हणत नाही की सरकारच्या पैशानं शिकला, कच्चा असेल. देशाला आभाळात लढायला माणूस पाहिजे असेल तर तास सरकारचे. कंपनीला आभाळात कमवायला माणूस पाहिजे असेल तर तास बापाचे. असं का?

हवाई दल लांबचं वाटत असेल तर आपली एसटी घ्या. २०१९ साली एसटी महामंडळानं बायांना चालक म्हणून घेतलं, त्यात यवतमाळकडच्या आदिवासी मुली होत्या. जड गाडीचा परवाना त्यांच्याकडं नव्हता. एसटीनं त्यांना स्वतः शिकवलं. कोरोना आला, दिरंगाई झाली, त्यांना हेलपाटे पडले. पण २०२३ पासून बाया लाल गाडी चालवू लागल्या. परवान्याची परीक्षा सोपी केली का? नाही. शिकवायचा खर्च उचलला. एवढंच. पन्नास माणसांचा जीव हातात घेऊन बाई घाट उतरते, तिथं कुणाचं मेरिट दरीत पडलं नाही.

आणि जिथं सरकारनं हात दिला नाही तिथं काय किंमत पडते तेही बघा. ओडिशातल्या मलकानगिरीच्या अनुप्रिया लाक्रा, पोलीस हवालदाराची मुलगी, आदिवासी. २०१२ ला इंजिनियरिंग सोडून विमान शिकायला गेल्या, २०१९ ला सहवैमानिक झाल्या. सात वर्षं. पेपरवाल्यांनी फोटो छापले, मुख्यमंत्र्यांनी अभिनंदन केलं. त्यांची जिद्द मोठी, मला तिचा अभिमान आहे. पण एका पोरीचा फोटो दाखवून हजारांचं दार झाकता येत नाही. स्वातंत्र्याला सत्तरावर वर्षं झाल्यावर एक आदिवासी मुलगी वैमानिक झाली ही जर बातमी होत असेल, तर ती खरं म्हणजे या देशाच्या शरमेची बातमी आहे.

भारतात स्त्री वैमानिक १५ टक्क्यांच्या आसपास आहेत, जगात ५ टक्क्यांच्या आसपास. सरकार हा आकडा छाती काढून सांगतं. चांगलं आहे, सांगावं. मग हेही सांगा, दलित किती? आदिवासी किती? २०२३ साली डीजीसीएनं १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, विक्रम म्हणून जाहीर केलं. त्यात वावरच्या बाजूचे किती, कळंबचे किती, गडचिरोलीचे किती? जे मोजायचं नसतं ते लपवायचं असतं.

आता आपल्यातलेच काही म्हणतील, "अरे, पोरं कुपोषणानं मरतात, गावाला एसटी येत नाही, आणि तू विमानाच्या गोष्टी करतोस? आधी भाकरी." हा युक्तिवाद मला मान्य नाही. भाकर की आभाळ असा सौदा आपल्यापुढं ठेवणारा माणूस दोन्ही स्वतःकडं ठेवतो. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. महादेव कोळी, म्हणजे आदिवासीच. याच डोंगरातला माणूस ऐंशी वर्षांपूर्वी हवाई दलाच्या गणवेशात होता. म्हणजे रक्तात कमी नव्हतं, जातीत कमी नव्हतं, डोंगरात कमी नव्हतं. फरक एवढाच की तो राजाचा मुलगा होता आणि आपण रयतेचे.

आणि विमान आपल्याला सोडणार आहे थोडंच? पालघर जिल्ह्यात वाढवणला बंदर होतंय. २०२४ च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली, ७६ हजार कोटींच्या वरचं काम. मच्छीमार विरोधात उभे आहेत. त्याच्याच जवळ विमानतळ करायच्या घोषणा झाल्यात. समुद्र आपला जाणार, जमीन आपली जाणार, डोक्यावरचा आवाज आपल्याला मिळणार. आणि रोजगार? ट्रॉली ढकलायला, संडास धुवायला, बॅगा उचलायला आपली पोरं. ही कामं मी हलकी म्हणत नाही, मी स्वतः ओझं उचलतो. पण केंद्राचे मंत्री २०२५ मध्ये म्हणाले की येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० वैमानिक लागतील. त्या तीस हजारांत आपण नाही आणि ट्रॉलीच्या मागं फक्त आपणच, ही वाटणी कुणी केली? कुठल्या परीक्षेत केली? किती गुणांवर केली?

म्हणून मागण्या साध्या आहेत. समजायला फिजिक्स लागत नाही.

एक. परवान्याचा एकही नियम सैल करू नका. ७० गुण ७० राहू द्या, २०० तास २०० राहू द्या. आम्हाला गुणांत सूट नको. पण जो नियम सरकार घालतं, तो पुरा करायचं साधन सरकारनं द्यावं. निवड परीक्षेनं करा, तास सरकारी खर्चानं द्या. टाइप रेटिंगचा खर्च ज्या कंपनीला वैमानिक पाहिजे तिनं उचलावा.

दोन. शिष्यवृत्ती द्यायची तर पूर्ण द्या, आणि पैसा आधी द्या. पावणेचार लाखाचा तुकडा टाकून फोटो काढू नका.

तीन. ज्या कंपन्या सरकारी विमानतळावर उतरतात, सरकारी आभाळ वापरतात, त्यांच्या वैमानिक भरतीत आमच्या जागा ठेवा. किती दलित, किती आदिवासी घेतले ते दरवर्षी छापा.

चार. प्रत्येक आदिवासी तालुक्यात फिजिक्स-गणितासह बारावीपर्यंतची आश्रमशाळा द्या आणि तिथला मास्तर कायम करा.

पाच. विश्रांतीच्या नियमातून कुठल्याही मालकाला एका दिवसाचीही सूट नाही. जो काटा पोराला, तोच काटा मालकाला.

यातली पाचवी मागणी आपल्यासाठी नाही असं कुणाला वाटेल. चुकताय. थकलेल्या वैमानिकाला जो मालक झोपू देत नाही, तोच मालक बंदरावर दोन पाळ्या लागोपाठ लावतो, तोच वीटभट्टीवर पहाटे तीनला उठवतो. त्याच्या खिशाला लागणारा नियम जोवर मेणाचा आहे तोवर आपल्या वाटेवरचा दगड हलणार नाही. जिथं मालकाला सूट मिळेल तिथं बिल शिकणाऱ्याच्या, राबणाऱ्याच्या नावावर फाटेल.

आणि तुम्ही, पहिला प्रश्न विचारणारे, रुमाल खिशात ठेवा. पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा वैमानिकाची जात विचारू नका. एवढंच विचारा, काल रात्री तो किती तास झोपला, आणि त्याच्या झोपेचे तास कुणी विकून खाल्ले.